बापाचं स्वगत

अकरावीच्या गॅदरिंगला मी ‘नटसम्राट’मधला बेलवलकर केला होता. वय सोळा, ओठांवर नुकती लव आणि अंगावर आईची जुनी शाल. केस पांढरे करायला टाल्कम पावडरचा अर्धा डबा डोक्यावर उपडा केलेला. पोरांनी दाराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या नटाचं सात-आठ मिनिटांचं स्वगत. पाठांतर चोख होतं, आवाज नुकताच फुटलेला होता, टाळ्या पडल्या. वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. परतताना स्कूटरवर ते काहीच बोलले नाहीत. दारात आल्यावर एवढंच म्हणाले, ‘पावडर नीट झटक, उशीला लागेल.’

त्यानंतर स्पर्धांमधून, संमेलनांमधून, कॉलनीच्या गणेशोत्सवातून मी किती बेलवलकर पाहिले याची मोजदाद नाही. एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. मिशी न फुटलेली ही पोरं बापाची बाजू मांडत असतात. जी तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे ती तेच घसा फोडून करतात, आणि खाली बसलेले बाप डोळे पुसतात. बेलवलकरांच्या मुलाचं नाव नंदा. नाटकात तो आहे, बोलतोही. पण गॅदरिंगला कुणी नंदा करत नाही, कारण नंदाला स्वगत नाही.

मराठी रंगभूमीवर बाप-लेकाचं भांडण बघायला गेलं की दर वेळी हेच दिसतं. बोलतो बाप. मुलगा एकतर हो म्हणतो, नाहीतर गप्प राहतो, नाहीतर निघून जातो. त्याच्या वाट्याचं बोलणं सुनेच्या तोंडी येतं, बहिणीच्या तोंडी येतं आणि वाईटपणाही त्या बायकांच्याच पदरात पडतो. हे असं कधीपासून, असा प्रश्न मला पडला आणि मागे मागे जात राहिलो.

मागे जाता जाता हाती लागतं ते महाभारत. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण येतं. कुणी आपलं तारुण्य दिलं तर ते उतरेल, एवढीच सवलत. राजा आपल्या मुलांकडे हात पसरतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू हे चौघं नाही म्हणतात आणि शाप घेऊन बाहेर पडतात. धाकटा पुरू हो म्हणतो. हजार वर्षांनी त्याला त्याचं तारुण्य परत मिळतं, वर गादीही मिळते. ग्रीकांचा ईडिपस नकळत बापाला मारतो; आपल्याकडे बाप मुलाचं आयुष्य मागून घेतो आणि मुलगा ते हात जोडून देतो. ए. के. रामानुजन यांनी भारतीय ईडिपसवर लिहिलेल्या निबंधात हाच उलटा ओघ दाखवला आहे. शंतनूचं लग्न जमावं म्हणून ऐन उमेदीत ब्रह्मचर्याची शपथ घेणारा देवव्रत याच माळेतला.

१९६० साली ऑक्सफर्डला निघालेल्या बावीस वर्षांच्या गिरीश कार्नाडांना नेमकी हीच कथा सुचावी यात नवल नाही. माथेरानला जन्मलेला, घरात कोकणी बोलणारा, धारवाडला शिकलेला हा मुलगा इंग्रजीत कविता करायची स्वप्नं बघत होता आणि लिहून बसला कन्नड नाटक. घरच्यांच्या अपेक्षा मानेवर होत्याच. त्याच्या ‘ययाति’मधला पुरू आज्ञेप्रमाणे म्हातारा होतो. पण त्याची नवी नवरी चित्रलेखा, जी महाभारतात नाही आणि कार्नाडांनी घडवली आहे, ती सासऱ्याला तोंडावर विचारते की आता मी काय करायचं? आणि विष घेते. मुलगा गप्प, सून बोलली आणि किंमतही तिनेच मोजली. आपल्याकडे वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी १९५९ साली आली होती, शिरवाडकरांचं, म्हणजेच कुसुमाग्रजांचं, ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ साली आलं. अभिषेकीबुवांच्या चालींमुळे त्यातली पदं अजून मैफलीत ऐकू येतात. पण त्या नाटकाचा जीव नावातल्याच दोघांमध्ये. पुरूच्या वाट्याला पद नाही.

दुसरा धागा वकिलाच्या टेबलावर सापडतो. नाटकाच्या लेखात कायदा कशाला, असं वाटेल. पण बाप-लेकाचं मराठी भांडण वाटणीशिवाय समजत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, विक्रमादित्य सहावा गादीवर असताना, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्या मताप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो. बंगालात जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चालला. तिथे बाप मेल्याखेरीज मुलाला काही नाही. म्हणजे बंगाली मुलाने वाट बघायची आणि आपल्याकडे पाळण्यातलं मूल बापाचं भागीदार. पण एवढा मोठा हक्क देऊन मुंबई इलाख्यात एक मेख मारून ठेवलेली होती. बाप जर आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र असेल, तर त्याच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येणार नाही, असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिला. हक्क आहे, पण तो उच्चारायला बापाची परवानगी हवी. आणि बापाने स्वतः कमावलेलं असेल, म्हणजे स्वकष्टार्जित, तर त्यावर मुलाचा जन्महक्कही नाही. ते बाप देईल तर उपकार, न देईल तर त्याची मर्जी. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता रंगभूमी. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली संगीत नाटकाची घडी बसवली. त्यात शेवटी बाप आणि मुलगा भेटतात ते एकमेकांना न ओळखता. सिंहाच्या छाव्याशी दांडगाई करणारं पोर बघून दुष्यंताचं मन भरून येतं, का ते त्याला कळत नाही. छान दृश्य आहे, पण त्यात भांडण नाही. बापाने केलेला अन्याय आईने सोसून झाला आहे. पुढची तीस-चाळीस वर्षं बाप रंगमंचावर उभा राहिला तो मुलीसमोर. देवलांच्या ‘शारदे’तला (१८९९) कांचनभट पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. संमतिवयाचा कायदा नुकताच होऊन गेला होता, बालविवाह, जरठविवाह, विधवा हे त्या काळाचे प्रश्न होते आणि सगळे मुलीच्या अंगावरचे. मुलगा त्या नाटकांत सुधारणेच्या बाजूने दोन वाक्यं बोलून जातो. ‘एकच प्याला’त तर सुधाकराच्या हातून त्याचं तान्हं पोर जातं, बोलण्याचं वयही त्याला मिळत नाही.

खरं भांडण तेव्हा रंगमंचावर नव्हतंच, विंगेत होतं. बापाच्या खिशातले पैसे घेऊन, रात्रीची गाडी पकडून नाटक कंपनीत पळून गेलेली मुलं हा त्या काळाचा घरोघरचा विषय. कंपनीचा मालक त्यांचा बाप व्हायचा, पंगतीला जेवू घालायचा, चुकलं तर कानाखालीही द्यायचा. बापाविरुद्ध बंड करून आलेला मुलगा रात्री तोंडाला रंग लावून आज्ञाधारक राजपुत्राचं काम करत असे.

शेक्सपिअरने एक वाट उघडली होती. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. तिथे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर हाती घेतलं, तेच ‘विकारविलसित’. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ते गाजवलं. इथे पहिल्यांदा मराठी प्रेक्षकाने एक असा मुलगा पाहिला की जो स्वगत बोलतो, एक नाही, अनेक. पण बघा, त्याचा बाप मेलेला आहे. भुताने येऊन काम सांगितलं आहे आणि मुलाचा सगळा ताप ते काम होत नाही म्हणून आहे. बापाशी त्याचा वाद नाही. मुलाला बोलू द्यायचं तर बापाला आधी मारावं लागतं, ही सोय आपल्या नाटककारांनी नीट लक्षात ठेवली.

संभाजीचंच घ्या. मराठी नाटकाला या मुलाचं फार वर्षं आकर्षण. गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ त्यांच्या मृत्यूमुळे १९१९ साली अपुरं राहिलं. मग विष्णु हरि औंधकरांचं ‘बेबंदशाही’ आलं. या नाटकांत शिवाजी महाराज गेलेले असतात. थोर बापाची पुण्याई आणि तिला न पेलणारा मुलगा, असा त्यांचा साचा. बापाच्या नुसत्या नावावर मुलाला तोलायचं, बाप समोर नको.

१९६० साली वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी महाराजांचं चरित्र आलं. बखरींनी व्यसनी, नादान म्हणून रंगवलेला माणूस कागदपत्रांतून वेगळाच उभा राहिला. त्यानंतर दोन वर्षांनी वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आलं. कानेटकर नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. रविकिरण मंडळातले कवी गिरीश हे त्यांचे वडील. स्वतः नामवंत बापाचा मुलगा असलेल्या या नाटककाराने जे आधी कुणी केलं नव्हतं ते केलं. त्याने बापाला जिवंत ठेवलं. गोमंतकाचे मास्टर दत्ताराम शिवाजी झाले, काशिनाथ घाणेकर संभाजी. गडावरचा राजा घरातला बाप झाला, थकलेला, दोन राण्यांच्या मुलांमध्ये ओढला जाणारा. १६७८ साली संभाजी मोगलांच्या दिलेरखानाकडे गेला आणि पुढे परतला, ही जखम दोघांच्या मध्ये पडलेली. आणि या नाटकात मुलगा बोलतो. खणखणीत बोलतो. घाणेकरांच्या प्रवेशाला शिट्ट्या पडत त्या काही राजकारणासाठी नसणार. घरात बापापुढे ब्र न काढणारी पिढी थिएटरात शिट्टी मारत होती.

या भांडणातही वाटणी आहेच, आणि ती कानेटकरांनी कल्पनेतून आणलेली नाही. सभासदाच्या बखरीत, म्हणजे १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या, महाराज पन्हाळ्यावर संभाजीला राज्याचे दोन भाग करायचं सुचवतात: तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंत एक, तुंगभद्रेच्या अलीकडे गोदावरीपर्यंत दुसरा. एक तुला, एक राजारामाला. कोकणातला खोत आपल्या दोन पोरांना आगर आणि शेत वाटून देतो तसंच. राज्य केवढंही मोठं असो, घरात त्याचे दोन वाटेच होतात.

मग संभाजीला बोलायची मुभा का मिळाली? मला वाटतं, प्रेक्षकाला त्याचं मरण आधीच ठाऊक आहे म्हणून. १६८९ साली औरंगजेबाच्या हाती त्याने जे सोसलं, त्याची पावती खिशात घेऊनच आपण नाटकाला जातो. बापाला उलट बोलणारा हा मुलगा पुढे स्वराज्यासाठी मरणार आहे, त्याचं उलट बोलणं आगाऊ माफ आहे. साध्या घरातल्या साध्या मुलाला ही सवलत नसते. तो फक्त जगणार असतो.

कानेटकर या विषयाला सोडत नव्हते. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’, म्हणजे देवव्रत. १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’, तिथे रक्ताचं नातं काढून टाकलं आणि प्राचार्य विद्यानंद आणि वाया गेलेला विद्यार्थी लाल्या अशी जोडी उभी केली. विद्यानंद पणशीकर, लाल्या घाणेकर. सज्जन मास्तर तुरुंगातून गुन्हेगार होऊन बाहेर येतो आणि उनाड पोर पोलीस अधिकारी होऊन त्याच्यासमोर उभं राहतं. मानलेल्या बापाला मुलगा पकडू शकतो. सख्ख्या बापाच्या बाबतीत हे लिहायला कुणी धजावलं नसतं. १९७२ साली ‘हिमालयाची सावली’ आलं. त्यातले नानासाहेब भानू म्हणजे महर्षी कर्वे हे सगळ्यांनी ओळखलं. संस्थेला सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाने घराला काय दिलं, हा त्यातला सल. तो सल नाटक त्यांच्या बायकोच्या, बयोच्या तोंडून मांडतं. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, ज्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि संततिनियमनापायी प्राध्यापकी गमावली, त्यांच्यावर स्वतंत्र नाटक व्हायला २०१७ साल उजाडलं. अजित दळवींनी लिहिलं, अतुल पेठ्यांनी बसवलं. बापाचं एक नाटक, मुलाचं एक नाटक, मध्ये पंचेचाळीस वर्षं. नव्वदी ओलांडलेला बाप आणि सत्तरीला टेकलेला मुलगा, दोघंही समाजाशी झगडलेले, एका खोलीत बसून काय बोलत असतील, हे नाटक कुणी लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही.

१९७० या वर्षापाशी मात्र थांबायलाच हवं.

त्या वर्षी मे महिन्यात विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आलं आणि डिसेंबरात कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’. दिल्लीत, लंडनमध्ये अशी जोडी झाली असती तर तिच्यावर चार पुस्तकं निघाली असती. ‘गिधाडे’ ज्यांनी बसवलं तेच डॉ. श्रीराम लागू सात महिन्यांनी बेलवलकर म्हणून उभे राहिले. कान-नाक-घशाचा दवाखाना सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलेला, चाळिशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस आधी बापाला फाडून खाणारी मुलं रंगमंचावर उभी करतो आणि मग त्याच मुलांनी टाकलेला बाप होतो.

‘गिधाडे’तला पप्पा सज्जन नाही. त्याने धंद्यात सख्ख्या भावाला बुडवलं आहे. तो मेला की पैसे मोकळे होतील म्हणून रमाकांत आणि उमाकांत उघड्या तोंडाने वाट बघतात, आणि पप्पालाही ते माहीत आहे. बाप आणि दोन मुलं बाटली घेऊन बसतात तो प्रवेश आठवा. बापाला पाजायची, बोलतं करायचं, आणि कुठल्या बँकेत अजून काय दडवलंय ते कळलं की त्याच्यावर तुटून पडायचं. रक्त निघतं. मराठी नाटकात बापावर मुलाने हात टाकलेला इतक्या जवळून कुणी दाखवला नव्हता. गाजलं मात्र दुसरंच. पप्पाची मुलगी माणिक हिच्या साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला चालेना, तेव्हा मंडळींनी तो निळा केला आणि प्रेक्षकांना तसं सांगूनही टाकलं. त्या निळ्या डागाच्या कथा आजही सांगतात. बापाच्या कपाळावरच्या रक्ताबद्दल कुणी बोलत नाही. आणि या घरात कविता करणारा, विचार करणारा, प्रेक्षकांशी बोलणारा एकच मुलगा आहे: रजनीनाथ. तो अनौरस आहे, गॅरेजमध्ये राहतो. वाटणीत ज्याचा वाटा नाही त्यालाच वाचा दिलेली आहे.

‘नटसम्राट’ची सुरुवातच वाटणीने होते. निवृत्त झालेला नट जमवलेलं सगळं मुलाला आणि मुलीला देऊन टाकतो. लिअर राजासारखंच, फक्त लिअरला तिन्ही मुलीच होत्या, कुसुमाग्रजांनी मुलगा आणि मुलगी केली. आता ती मघाची कायद्याची मेख आठवा. बेलवलकरांनी दिलं ते स्वकष्टार्जित. नंदाचा त्यावर हक्क नव्हता. त्याला मिळाला तो उपकार, आणि उपकाराखाली दबलेला माणूस बोलणार काय? तो काळही तसाच. वाडे मोडून ब्लॉक होत होते, मालकीच्या फ्लॅटचा कायदा १९६३ साली आला होता, शेतीच्या जागी प्रॉव्हिडंट फंड हीच इस्टेट झाली होती. फंडाचे पैसे मुलाच्या ब्लॉकमध्ये घालायचे आणि हॉलमध्ये कॉटवर झोपायचं, हे त्या पिढीतल्या कितीतरी वडिलांचं गणित होतं. डोळे पुसायला थिएटरं भरली ती त्यामुळे.

पण कुसुमाग्रजांनी अपराध कसे वाटले आहेत ते पाहा. पहिल्या घरात ठिणगी पडते ती सून शारदा आणि सासरा यांच्यात, ठमी या नातीवरून. दुसऱ्या घरात चोरीचा आळ येतो तो मुलीकडून. नंदा मध्ये उभा आहे, बायकोला समजावतोय, बापाला समजावतोय. सगळ्यात मोठा गुन्हा त्याचा असायला हवा आणि त्याच्यावर साधी फिर्यादही नीट होत नाही. कावेरी गेल्यावर म्हातारा रस्त्यावर येतो, तेव्हा त्याला एक मुलगा मिळतो: बूटपॉलिश करणारा राजा. तो बापाशी बोलतो, हसतो, त्याला सांभाळतो. पुन्हा तेच, ज्याला काही मिळायचं नाही तो मुलगा मोकळा. हे नाटक मला अजून हलवतं, खोटं कशाला बोलू. पण त्यातला न्याय एकतर्फी आहे, आणि तो तसा आहे म्हणूनच आपल्याला गोड लागतो, असंही वाटत राहतं.

त्यानंतरच्या दशकात बापाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवला. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त (१९७३) मुलांना वाटणी नकोच आहे. एक अमेरिकेत, एक सैन्यात. नाना-नानी चुकून आलेल्या माणसालाही चहाला बसवून घेतात. ‘सूर्यास्त’मध्ये (१९७८) उलट बापाकडे द्यायला काही नाही, गांधींच्या काळातली तत्त्वं तेवढी, मुलगा मुख्यमंत्री. निळू फुल्यांचे अप्पाजी मुलाच्या सरकारविरुद्धच उभे राहतात. इथेही नाटक बापाचं.

सगळ्यांत अफलातून उत्तर सतीश आळेकरांचं. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ ही म्हण आपण उठसूट वापरतो. आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४, थिएटर अकॅडमी) दोन्ही एकदम केलं. भाऊराव पहिल्या मिनिटाला मेलेले आहेत आणि तरी थांबायचं नाव घेत नाहीत. उपरणं खांद्यावर टाकून, टाळाच्या ठेक्यावर ते स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. चंद्रकांत काळ्यांच्या गळ्यातून तो बाप असा काही झुलत यायचा की मढं बोलतंय हे विसरायला व्हायचं. बापाची शेवटची इच्छा एकच: जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते तर नगरपालिकेने बंद केलंय. मुलगा नाना ऑफिसं पालथी घालतो, परवानग्या मागतो, धावतो, आणि घरात प्रेत कुजत चाललंय. यात रडू नाही, हाणामारी नाही. बापाला अभंग आहे, पूर्वरंग आहे, उत्तररंग आहे, मुलाला अर्ज आहेत. बापाचं स्वगत मेल्यावरही संपत नाही, हे इतकं हसवून दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. मी स्वतः वडिलांच्या वेळी महापालिकेच्या खिडकीशी दाखल्यासाठी उभा होतो, तेव्हा रांगेत मला हेच नाटक आठवलं आणि हसू आवरेना. मागचा माणूस बघत होता.

दलित रंगभूमीने हे भांडण वेगळ्याच जागी नेलं. दत्ता भगतांच्या ‘वाटा पळवाटा’त बाबासाहेबांच्या चळवळीत उभी हयात घालवलेले काका आहेत, प्राध्यापक झालेला सतीश आहे आणि रक्त उसळणारा अर्जुन. तीन पिढ्या, आणि वाटून घ्यायला ना वाडा ना फंड. वारसा आहे तो विचाराचा, आणि तो कुणी कसा चालवायचा यावर तिघंही तोंडावर भांडतात. मराठी नाटकात धाकटा थोरल्याला समोर उभं राहून मुद्देसूद उत्तर देतो, ते मला पहिल्यांदा इथे ऐकू आलं. वाटणीचा प्रश्न गेला की तोंड उघडतं, असा याचा अर्थ लावायचा मोह होतो.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा (१९८५, विजया मेहतांचं दिग्दर्शन) पडदा उघडतो तेव्हा तात्याजी नुकतेच गेलेले आहेत. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. थोरला भास्कर, मुंबईहून आलेला सुधीर, आणि घरातली सगळी ओढाताण मुकाट्याने करणारा चंदू. तेरवीला गावजेवण घालायचं की नाही यावर घर पेटतं, कारण घालायचं तर विकायला हवं. बाप रंगमंचावर एकदाही येत नाही आणि तरी प्रत्येक खोलीत तोच बसलेला आहे. कुणी त्याला शिव्या देत नाही. शिकायचं राहून गेलेली प्रभा बोलते, तिच्या बोलण्यात धार आहे. मुलगे दागिन्यांचा आणि खर्चाचा हिशेब करतात. चंदूच्या पायाची जखम चिघळत जाते. बापाबद्दल या मुलाला काय वाटतं, हे त्या पायावरून कळतं तेवढंच.

१९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘वाडा’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ सलग एका बैठकीत केलं. योगायोग असा, की त्याच वर्षी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना जन्मतः वाटा दिला. प्रभाला तो नऊ वर्षं उशिरा मिळाला असता. तिसऱ्या भागापर्यंत भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय उरतात. पाणी आटलेलं, जमीन भेगाळलेली. बाप गेले, वाटून घ्यावं असं काही राहिलं नाही. तेव्हा कुठे ती दोन मुलं एकमेकांशी पोटातलं बोलायला लागतात.

मागच्या हिवाळ्यात एका शाळेत स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. अकरा नंबरचा स्पर्धक बेलवलकर घेऊन आला. नववीतला असेल. शाल होती, काठी होती, आवाज दोनदा चिरकला आणि त्याने तो सावरला. बक्षीस दिलं त्याला. खाली उतरल्यावर सहज विचारलं, ‘अरे, या बेलवलकरांच्या मुलाचं नाव काय?’

तो विचारात पडला. मग म्हणाला, ‘सर, मुलगी होती ना? ती चोरी केली म्हणते ती?’

शेजारी त्याचे वडील उभे होते. एका हातात त्याचं दप्तर, दुसऱ्या हाताने ते त्याच्या केसांतली पावडर झटकत होते.